अठरा बायकांमागे एक: मेडिकलचा रिसर्च पेपर वाचायचा कसा

माझा मामेभाऊ एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी सकाळी जर्नल क्लब, म्हणजे एखादा रिसर्च पेपर वाचून सगळ्यांसमोर मांडायचा, आणि शुक्रवारी रात्री नऊला हा बेळगावात, टिळकवाडीत माझ्या दारात. हातात पेपरची झेरॉक्स, पानं पिवळीधमक. वाटलं जुनी आहेत, पण नाही, हायलायटर फिरवला होता. प्रत्येक ओळ महत्त्वाची वाटली म्हणून प्रत्येक ओळ रंगवलेली.

"अक्का, तीनदा वाचलो. सांगायला गेलं की काय आठवंना."

"कशावर आहे?"

"बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर. औषध इफेक्टिव्ह आहे."

"किती?"

"सिग्निफिकंटली."

मी हसले नाही, कारण पीजीच्या पहिल्या वर्षी हेच उत्तर मी भरल्या वर्गात दिलं होतं. अ‍ॅबस्ट्रॅक्टचं (पेपरच्या सुरुवातीच्या सारांशाचं) शेवटचं वाक्य पाठ करून उभी राहिले आणि मॅडमनी एवढंच विचारलं, "शंभर जणींमागे किती?" त्या वाक्यात शंभर नव्हते, त्यामुळे माझ्याकडेही नव्हते. नंतर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली पोरं घरात मराठी, वॉर्डात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत डॉक्टर होतात. याचा एक तोटा आहे. इंग्रजीत वाचलेलं इंग्रजीतच तोंडात बसतं आणि समजल्यासारखं वाटतं. पण तेच मराठीत म्हणायला जा. 'औषध परिणामकारक आहे' एवढं म्हणून गाडी पुढे सरकतच नाही. ऐकणारा लगेच विचारतो, कुणाला, किती, कशापेक्षा? पेपर वाचायची माझी पद्धत म्हणाल तर एवढीच. बाकी चेकलिस्ट नेटवर ढिगाने मिळतात.

त्याच्या हातातला पेपर तर आपल्याच मातीतला निघाला. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, मिसोप्रोस्टॉल या गोळीवरचा. जागा: बेळगाव जिल्ह्यातली खेडी. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायका आणि त्यांची बाळंतपणं करणाऱ्या २५ एएनएम, म्हणजे आपल्या नर्सबाई. पोराला हे पहिल्या दोन वाचनांत लक्षातच आलं नव्हतं! 'रूरल इंडिया' या शब्दांवर पिवळा रंग होता, पण तो रूरल इंडिया म्हणजे आपल्या आत्तीचं गाव असू शकतं, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

मग मी हायलायटर काढून घेतला आणि कोरा कागद दिला. म्हटलं, पेपर बंद कर आणि चार गोष्टी लिही. कोणावर प्रयोग केला? त्यांना काय दिलं? ज्यांना ते दिलं नाही त्यांना काय दिलं? शेवटी मोजलं काय? इंग्रजी पुस्तकं यालाच 'पिको' म्हणतात. पहिल्या दोन ओळी त्याने लिहिल्या. तिसरीला अडला, चौथीला पेपर पुन्हा उघडला. बरोबर तिथेच अडायला हवं होतं.

तिसरीचं उत्तर: ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, ८०८ जणींना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. चौथीचं उत्तर: बाळंतपणानंतर दोन तासांत ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं का. हे 'काय मोजलं' फार निरखून बघायचं असतं. 'रक्त कमी गेलं' आणि 'बाईचा जीव वाचला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पेपरने पहिली मोजली. १६२० बाळंतपणांत मृत्यूंमधला फरक दिसून येणं अवघडच होतं. म्हणजे हा पेपर वाचून 'ही गोळी जीव वाचवते असं सिद्ध झालं' म्हणणं ही आपली भर झाली. तर्क म्हणून ते पटण्यासारखं असेल, पण तसं मोजलेलं नाही.

असा तर्क एकदा भलताच महाग पडला होता. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकतात, आणि ज्यांचे चुकतात त्यांना धोका जास्त. मग ठोके नीट करणारी औषधं दिली तर जीव वाचणारच, असं सगळ्यांना वाटत होतं. अमेरिकेत 'कास्ट' नावाच्या प्रयोगात एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं प्लासिबोसमोर ठेवली. ठोके सुधारत होते, पण औषध घेणारेच जास्त दगावले. १९८९ मध्ये ती औषधं थांबवावी लागली. हे वाचल्यापासून पेपरात रक्तातला आकडा, ईसीजीची रेघ, स्कॅनमधली सावली असं काही मोजलेलं दिसलं की मी स्वतःला विचारते, पेशंटला यातलं काय जाणवणार?

आता आकडे. बेळगावच्या पेपरात प्लासिबोवाल्यांत १२.० टक्के जणींना रक्तस्राव झाला, मिसोप्रोस्टॉलवाल्यांत ६.४ टक्के. हे तीन तऱ्हांनी सांगता येतं आणि तिन्ही खरं आहे.

पहिली तऱ्हा: ६.४ भागिले १२.० म्हणजे ०.५३, तेव्हा धोका ४७ टक्क्यांनी घटला. औषध कंपनीचा माणूस ओपीडीबाहेर थांबतो तेव्हा त्याच्या चकचकीत कागदावर हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो.

दुसरी: १२.० वजा ६.४ म्हणजे ५.६. शंभर जणींमागे साधारण साडेपाच जणींचा रक्तस्राव टळला.

तिसरी: १०० भागिले ५.६, म्हणजे अठरा. अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो. उरलेल्या सतरा जणींपैकी बहुतेकींना तो तसाही होणार नव्हता, एखादीला गोळी देऊनही होणार. त्या सगळ्यांनी गोळीचा त्रास मात्र सोसायचा: या पेपरात थंडी वाजून येणं आणि ताप गोळीवाल्यांत जास्त होता, थोड्या वेळाने ओसरणारा. मेडिकलवाले या अठराला एनएनटी म्हणतात. मला ही तऱ्हा आवडते, कारण पेशंटसमोर बसून सांगता येणारा आकडा हाच. 'धोका ४७ टक्क्यांनी कमी' ऐकून घरचे लोक घाबरतात तरी किंवा हुरळतात तरी. 'अठरा जणींत एक' म्हटलं की विचार करतात.

टक्क्यांच्या मागची माणसं मोजायचीही सवय लावून घ्या. ८०८ चे १२ टक्के म्हणजे साधारण ९७ बायका, ८१२ चे ६.४ टक्के म्हणजे साधारण ५२. हे आकडे भरपूर आहेत, त्यावर भिस्त ठेवता येते. पण त्याच पेपरात अतितीव्र रक्तस्रावाचा निकालही आहे: १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्के. ऐकायला हा पहिल्यापेक्षा जबरदस्त, धोका पाचवा हिस्सा उरला! माणसं मोजली तर एकीकडे दहाच्या आसपास आणि दुसरीकडे दोन. दोनाच्या तीन-चार झाल्या असत्या तर चित्र बदललं असतं.

ही डळमळ पेपरातच छापलेली असते, कंसात, कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणून. तिथे पोरं नजर फिरवून पुढे जातात. खानापूरहून बेळगावला यायला बसला किती वेळ लागतो म्हणून विचारलं तर जाणता कंडक्टर एक आकडा सांगत नाही, 'पाऊण तास ते सव्वा तास' म्हणतो. हे तसंच. पहिल्या निकालाचा, म्हणजे त्या ०.५३ चा, पट्टा ०.३९ ते ०.७४. म्हणजे खरी घट २६ टक्के असू शकते, ६१ टक्केही असू शकते, पण काहीतरी घट आहे हे नक्की वाटतं. दुसऱ्याचा पट्टा ०.०४ ते ०.९१: खरी घट ९६ टक्के असेल नाहीतर ९ टक्के. हा कंडक्टर 'पाच मिनिटं ते तीन तास' म्हणतोय. १ म्हणजे दोन्ही गटांत धोका सारखाच; पट्टा १ ला टेकला किंवा ओलांडून गेला तर फरक नाही असंही असू शकतं. दुसरा निकाल १ च्या उंबरठ्याशी उभा आहे, एवढं भावाने स्वतः ओळखलं. तेव्हा मला बरं वाटलं.

सरासरी रक्तस्रावही पेपरात आहे: २६२.३ मिलिलिटर आणि २१४.३. फरक ४८, अर्धा कप चहा. एवढ्याशाने काय होतंय असं वाटेल. पण सरासरी अशीच फसवते. बहुतेक बायकांना फरक पडलेलाच नसेल आणि मोजक्या काही जणी ५०० च्या अलीकडे राहिल्या असतील.

पी व्हॅल्यूबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिचं प्रस्थ गरजेपेक्षा जास्त आहे. औषधात काहीच दम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता किती, एवढंच ती सांगते. फरक कामाचा आहे का, हे ती सांगत नाही. ०.०५ ही रेषा तर संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२५ च्या सुमारास सोयीची म्हणून सुचवलेली, आपण तिला देव करून बसलो. आणि एकाच प्रयोगात काहीच फरक नसलेल्या वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या, तर त्यातली निदान एक तरी ०.०५ च्या खाली यायची शक्यता ६४ टक्के. वीस दगड मारल्यावर एखादी कैरी पडायचीच. म्हणून मुख्य निकाल कोणता हे आधी ठरवलेलं लागतं. प्रयोग संपल्यावर ठरवला तर ते उत्तरपत्रिका बघून प्रश्नपत्रिका काढण्यासारखं. आपल्याकडे औषधांचे प्रयोग सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सुरू होण्याआधीच नोंदवणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे. नोंद फुकट बघता येते. नोंदीतला मुख्य निकाल आणि पेपरातला मुख्य निकाल एकच आहे का, हे दोन मिनिटांत कळतं, आणि जर्नल क्लबमध्ये ते फारसं कुणी बघून आलेलं नसतं.

आता विश्वास किती ठेवायचा ते. गोळी कुणाला आणि प्लासिबो कुणाला, हे नर्सबाईंनी ठरवलं असतं तर? अशक्त दिसणाऱ्या बाईला त्यांनी मायेपोटी खरी गोळी दिली असती. मग गोळीवाल्या गटात मुळात जास्त धोक्याच्या बायका, आणि तुलना गेली. म्हणून रँडमायझेशन, आपल्या भाषेत चिठ्ठ्या टाकणं. पेपरातलं पहिलं टेबल हेच दाखवतं की चिठ्ठ्या टाकल्यावर दोन्ही गट वयाने, आधीच्या बाळंतपणांनी वगैरे सारखे निघाले का.

नर्सबाईंनाही कोणती गोळी कोणती ते कळणार नव्हतं, यालाच ब्लाइंडिंग म्हणतात. इथे भावाने एक चांगली शंका काढली. "थंडी वाजायला लागली की त्यांना अंदाज आलाच असणार की!" आलाच असेल. मग पुढचा प्रश्न: अंदाज आल्यावर मोजमापात हात कितपत मारता येईल? चादर भिजली का, कापड किती भरलं, असं नजरेने ठरवायचं असतं तर पुष्कळ. पण या प्रयोगात बाळंतिणीखाली मुद्दाम बनवून घेतलेली प्लास्टिकची शीट होती, तिच्या पिशवीत रक्त जमायचं आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा होत्या. रक्त दिसेल तेवढं लिहायचं. अंदाज आला तरी निकालाला फार धक्का लागला नसावा, असं मला वाटतं. परीक्षण म्हणतात ते हेच. 'ब्लाइंडिंग अपुरं, म्हणून पेपर कमजोर' असा शिक्का मारून मोकळं व्हायचं नसतं. त्या त्रुटीने निकाल कोणत्या बाजूला आणि किती झुकेल, इथवर जायचं. दोष काढणं सोपं आहे, पहिल्या वर्षाची पोरंही काढतात.

चिठ्ठ्या टाकता येत नाहीत असे प्रश्नही पुष्कळ असतात. समजा, निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका आणि बेळगावात कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या मुली, दोघींना खोकल्याबद्दल विचारलं. वखारीत खोकला जास्त निघाला. तंबाखूच्या धुळीने? असेल. पण वखारीतल्या बायका वयाने मोठ्या असतील, घरी चुलीवर स्वयंपाक करत असतील, नवरा विडी ओढत असेल. आणि ज्यांना खोकला फारच सोसेना त्यांनी काम सोडलंही असेल, म्हणजे खरा आकडा आणखी मोठा. एकाच पाहणीत फसगत दोन्ही बाजूंनी. पाळी गेलेल्या बायकांना हार्मोन दिल्याने हृदय सुरक्षित राहतं, असं अशाच निरीक्षणांवरून बरीच वर्षं मानलं जात होतं. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला तेव्हा, २००२ मध्ये, उलटं निघालं: एकत्रित हार्मोनने हृदयविकार आणि स्तनांचा कॅन्सर दोन्ही वाढले. आधीच्या निरीक्षणांत हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच सुस्थितीतल्या, तब्येतीला जपणाऱ्या होत्या.

राहिला तो आमच्याकडे हमखास सुटणारा प्रश्न: हे माझ्या पेशंटला लागू आहे का? आपल्याच जिल्ह्यातला पेपर, मग लागू असणारच, असं भाऊ म्हणाला. नाही. प्रयोग झाला २००२ ते २००५ मध्ये, घरच्या आणि उपकेंद्रातल्या बाळंतपणांवर. तिथे रक्तस्राव टाळायला देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड जागी ठेवायची सोय नव्हती, म्हणून साध्या तापमानाला टिकणारी गोळी कामाची. आज तू ज्या लेबर रूममध्ये उभा राहतोस तिथे फ्रिज आहे, ऑक्सिटोसिन सगळ्यांना दिलं जातं. तिथे रक्तस्राव मुळातच १२ टक्के नसेल. समजा तो ४ टक्के आहे आणि गोळी तितक्याच प्रमाणात, ४७ टक्क्यांनी, काम करते. ४ चे १.९ टळले; १०० भागिले १.९ म्हणजे त्रेपन्नच्या आसपास. गोळी तीच, पण अठराचे त्रेपन्न झाले. पाव्हण्याला कुंदा किती वाढायचा ते त्याचं आधी जेवण झालंय का यावर असतं, तसंच हे.

साडेअकरा वाजले होते. म्हटलं, आता लिही. अ‍ॅबस्ट्रॅक्टकडे बघायचं नाही, मोबाइलमधल्या एआयला विचारायचं नाही (तो अ‍ॅबस्ट्रॅक्टच गोड करून परत देतो), आणि मराठीत लिही. इंग्रजी सकाळी कर. त्याने लिहिलं ते असं:

"बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायकांत चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना मिसोप्रोस्टॉल आणि निम्म्यांना खोटी गोळी प्रसूतीच्या वेळी दिली. दोन तासांत अर्धा लिटर किंवा जास्त रक्त गेलं ते शंभरात १२ ऐवजी ६.४ जणींचं, म्हणजे अठरा जणींमागे एकीचा रक्तस्राव टळला. थंडी-ताप वाढला, पण थोडा वेळ. रक्त खुणांच्या पिशवीत मोजल्यामुळे आकड्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो. अतितीव्र रक्तस्रावाचा आकडा मात्र कच्चा, कारण बायका मोजक्या. मृत्यू कमी होतात का ते यातून कळत नाही. जिथे ऑक्सिटोसिन मिळतं तिथे हाच फायदा धरून चालू नये."

सात वाक्यं. मला आवडलं. सकाळी कॉलेजला जायच्या आधी, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींना वाचून दाखव म्हटलं. खानापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांत नोकरी करून त्या रिटायर झाल्या. निवडुंगाला पाणी घालत घालत त्यांनी सगळं ऐकलं, पाइप खाली ठेवला.

"प्रसूतीच्या वेळी म्हणजे कधी रे? बाळ यायच्या आधी?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. झेरॉक्स उघडली. बाळंत झाल्यावर, असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पिवळ्या रंगाखाली.

"आधी दिलीस तर गर्भाशय फाटतंय," मावशी म्हणाल्या. "आणि बाळ आलं तरी लगेच नाही द्यायची. पोटावर हात ठेवून आधी बघायचं, आत दुसरं नाही ना. ते घाल त्याच्यात."

त्याने 'प्रसूतीच्या वेळी' खोडलं, आणि गॅलरीच्या कठड्यावर कागद ठेवून वर बारीक अक्षरात लिहायला लागला.